पायाला फोड येऊ नयेत म्हणून, आणि आलेच तर

लांब पल्ल्याचे चालणे किंवा धावणे अर्ध्यावर सोडावे लागते तेव्हा त्यामागे अनेकदा दम किंवा स्नायू नसून टाचेवरचा एक लहानसा फोड असतो. हे दुखणे किरकोळ समजले जात असल्यामुळे त्यावरचे उपायही ऐकीव माहितीवर चालतात. कोणी बुटात पावडर भरतो, कोणी तळव्यांना व्हॅसलीन फासतो, कोणी एकावर एक मोजे चढवतो. यांतले काही उपाय खरोखर उपयोगी आहेत, काही तासाभरापुरतेच चालतात आणि काही चक्क उलटतात. त्यांची पारख करायची असेल, तर फोड तयार कसा होतो हे आधी समजून घ्यावे लागते.

बूट त्वचेला वरून घासतो आणि त्यामुळे फोड येतो, असा सर्वसाधारण समज आहे. वरून घासल्याने त्वचा सोलवटते, हे खरे. पण फोड त्वचेच्या आत तयार होतो. एका हाताच्या पाठीवर दुसऱ्या हाताचे बोट टेकवावे आणि ते घसरू न देता मागेपुढे हलवावे. त्वचा बोटाबरोबर सरकते, पण तिच्याखालचे हाड जागचे हलत नाही. बुटात याच्या उलट घडते. त्वचा मोज्याला आणि मोजा बुटाला धरून राहतो, तर आतले हाड प्रत्येक पावलागणिक थोडे पुढे आणि थोडे मागे सरकते. त्या दोहोंमध्ये सापडलेले मऊ थर ताणले जातात. हा ताण हजारो पावलांमध्ये पुन्हा पुन्हा बसला, की बाह्यत्वचेतल्या पेशींचा एक थर फाटतो आणि त्या पोकळीत शरीरातला स्वच्छ द्रव भरतो. तळवे आणि टाचा यांची वरची त्वचा जाड व चिवट असते, म्हणून ती न फाटता छतासारखी उचलली जाते.

त्यामुळे कोणताही उपाय पुढे आला, की त्याला एकच प्रश्न विचारावा: याने आतला ताण कमी होतो का? त्वचा कोरडी असेल, तर मोजा तिच्यावरून सहज सरकतो. घामाने ओलसर झालेली त्वचा मात्र मोज्याला सर्वांत जास्त चिकटते. म्हणून उष्ण हवेत, पावसात आणि न बदललेल्या मोज्यांत फोड लवकर येतात. बराच वेळ भिजलेली त्वचा फुगून नाजूकही होते.

बुटांची निवड

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभराच्या वावरानंतर पाय थोडे फुगलेले असतात आणि लांब चालतानाही ते तसेच फुगणार असतात. जे मोजे घालून चालायचे तेच घालून, दोन्ही पायांत बूट चढवून, उभे राहून आणि थोडे चालून पाहावे. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो आणि माप त्या मोठ्या पायाचे घ्यायचे असते. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरावी. हे सर्वांत लांब बोट पायाचा अंगठाच असेल असे नाही. अनेकांचे दुसरे बोट त्याहून लांब असते.

घट्ट बुटाची भीती सर्वांना असते, पण सैल बूटही तितकेच फोड आणतो, कारण त्यात पाय मागेपुढे सरकायला मोकळा असतो. चढावर टाच उचलली जाते आणि उतारावर बोटे बुटाच्या टोकावर आदळतात. टाच जागेवर बसत नसेल, तर नवे बूट घेण्यापूर्वी नाडी बांधण्याची पद्धत बदलून पाहावी. अनेक बुटांना घोट्याजवळ एक जादा छिद्र असते आणि ते बहुधा रिकामेच राहते. प्रत्येक बाजूची नाडी त्याच बाजूच्या त्या छिद्रातून आत घालून लहानसा फास ठेवावा, मग समोरच्या बाजूच्या नाडीचे टोक त्या फासातून ओढून घेऊन गाठ मारावी. यामुळे चवड्यावरचा दाब न वाढवता टाच मागे धरून ठेवता येते. मोठा उतार सुरू होण्यापूर्वी थांबून नाड्या पुन्हा आवळण्याची सवयही फार कामाची आहे.

नवे बूट थेट मोठ्या अंतरासाठी वापरू नयेत. आधी थोड्या थोड्या अंतरावर ते चावतात का, चावत असतील तर कुठे, हे कळू द्यावे. जुन्या बुटांत अधूनमधून हात घालून पाहावे. टाचेकडचे फाटलेले अस्तर, टोचणारी शिवण, गोळा झालेला इनसोल हे डोळ्यांना दिसत नाही, पण बोटांना लगेच लागते. तीच गोष्ट खड्याची; बुटात खडा गेला तर तो पुढच्या मुक्कामी नव्हे, त्याच क्षणी काढावा.

मोजे, पट्टी आणि बाकीचे उपाय

सुती मोजे रोजच्या वापराला चांगले असले, तरी लांब चालण्याला ते योग्य नाहीत, कारण सूत घाम शोषते आणि धरून ठेवते. कृत्रिम धाग्याचे किंवा बारीक लोकरीचे, पायाला नीट बसणारे आणि चुण्या न पडणारे मोजे घ्यावेत. दोन मोज्यांचा उपाय खरोखर उपयोगी आहे, पण कोणतेही दोन चालत नाहीत. आतला मोजा पातळ, गुळगुळीत व अंगाबरोबर बसणारा आणि बाहेरचा जाड असावा. मग सरकणे त्वचेऐवजी या दोन कापडांमध्ये घडते. दोन जाड मोजे कोंबले, तर बूटच घट्ट होतो. बोटांच्या बेचक्यांत वारंवार फोड येणाऱ्यांना प्रत्येक बोटाला वेगळे घर असलेले मोजे मानवतात. लांब वाटचालीत कोरडे मोजे सोबत ठेवून मध्येच बदलणे हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत सोपा उपाय आहे.

ज्यांना ठरावीक जागीच फोड येतो, त्यांनी निघण्यापूर्वीच तिथे चिकटपट्टी लावावी. यासाठी महाग पट्टीच हवी असे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक दिवस चालणाऱ्या २५० किलोमीटरच्या शर्यतींतल्या १२८ धावपटूंच्या पायांना जखमेवर लावतात ती साधी कागदी पट्टी लावली होती, आणि पट्टीमुळे फोडांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. कागदी पट्टी घामाने सुटते, म्हणून भरपूर घाम येणाऱ्यांना झिंक ऑक्साइडची कापडी पट्टी अधिक टिकते. मात्र ती काढताना जपावे लागते. पट्टी कोणतीही असो, त्वचा स्वच्छ आणि पूर्ण कोरडी असावी, पट्टीचे कोपरे गोल कापावेत, आणि लावताना एकही चुणी राहू देऊ नये. चुणी पडलेली पट्टी स्वतःच नवा फोड आणते.

व्हॅसलीन किंवा तत्सम मलमाने सुरुवातीला घर्षण निश्चित कमी होते, पण हा परिणाम टिकत नाही. मलम मोज्यात जिरते आणि काही तासांनी घर्षण मूळच्यापेक्षाही वाढू शकते. छोट्या धावेसाठी ते ठीक आहे, दिवसभराच्या चालण्यात ते पुन्हा पुन्हा लावावे लागेल. पट्टी लावायची असेल तिथे मलम अजिबात नको. पावडरीबद्दल मी साशंक आहे, कारण घामात भिजून तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच टोचू लागतात. घाम रोखणाऱ्या औषधाचा प्रयोग वेस्ट पॉइंट येथील लष्करी छात्रांवर झाला होता. त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ॲल्युमिनियम क्लोराइडचे २० टक्के द्रावण आधीच्या किमान तीन रात्री लावलेल्या छात्रांपैकी २१ टक्क्यांना २१ किलोमीटरच्या चालीनंतर फोड आले, तर औषधविरहित द्रावण लावलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना. मात्र औषध लावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या त्वचेची आगही झाली. म्हणून हा उपाय पहिला नव्हे, शेवटचा समजावा.

घट्ट्यांविषयीही एक गैरसमज आहे. जाड घट्टे पायाचे रक्षण करतात, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात घट्टा फार जाड झाला, की फोड त्याच्या खाली खोलवर येतो; तिथला द्रव काढता येत नाही आणि वेदना अधिक होतात. स्नानानंतर त्वचा मऊ असताना घट्टा थोडा घासून पातळ करावा, पण पूर्ण काढू नये. नखे सरळ कापून कडा गुळगुळीत कराव्यात, म्हणजे ती शेजारच्या बोटाला लागत नाहीत.

हुळहुळू लागले की

फोड येण्यापूर्वी त्या जागी ऊब जाणवते, मग हुळहुळते, मग चुरचुरते. या टप्प्यावर पाच मिनिटे थांबणारा माणूस पुढचे कित्येक दिवस वाचवतो. आणि सोबतचे पुढे जातील या संकोचाने बहुतेक लोक नेमके याच वेळी थांबत नाहीत. बूट-मोजा काढावा, पाय पुसून वाळू द्यावा, लाल झालेल्या जागेवर पट्टी लावावी, मोजा कोरडा घालावा आणि नाडी पुन्हा बांधावी. नाडी बांधण्यापूर्वी त्या जागी बुटात काय लागते आहे, हेही पाहून घ्यावे.

फोड आल्यानंतर

फोड लहान असेल आणि चालताना दुखत नसेल, तर तो फोडू नये. वरची त्वचा ही उपलब्ध पट्ट्यांतली सर्वोत्तम पट्टी आहे, कारण तिच्याखाली जंतूंना वाट नसते. पहिल्या २४ तासांतच तळाच्या पेशींचे विभाजन सुरू होते आणि सुमारे पाच दिवसांत नवा वरचा थर तयार होतो. द्रवही हळूहळू आपोआप शोषला जातो. फोडाभोवती मध्ये छिद्र पाडलेली नमद्याची किंवा फोमची जाड चकती लावली, तर बुटाचा दाब फोडावर न येता कडेवर येतो.

मोठा, टणटणीत आणि पाऊल टेकू न देणारा फोड मात्र रिता करणे योग्य, कारण तसे न केल्यास तो चालताना वेडावाकडा फाटण्याची शक्यता असते. आधी हात व पाय साबणाने धुवावेत, फोडावर आणि भोवती पोव्हिडोन आयोडीनसारखे जंतुनाशक लावावे, आणि पाकीटबंद निर्जंतुक सुई वापरावी. सुई ज्योतीवर धरण्याची पद्धत जुनी आहे, पण त्यामुळे सुईवर काजळी धरते. फोडाच्या मध्यभागी नव्हे, तर कडेला, चालताना द्रव खाली निथळेल अशा बाजूला दोन-तीन बारीक छिद्रे पाडावीत आणि स्वच्छ कापसाने हलकेच दाबून द्रव बाहेर काढावा. वरची त्वचा कापू नये. फोड पुन्हा भरला तर पहिल्या दिवसात तो पुन्हा रिता करावा. त्यामुळे वरची त्वचा तळाला लवकर बसते. नंतर थोडे व्हॅसलीन, त्यावर न चिकटणारी जाळीदार पट्टी आणि वरून चिकटपट्टी लावावी. पट्टी रोज आणि ओली झाली की लगेच बदलावी. रक्त भरलेला लाल-काळा फोड घरी फोडू नये, कारण त्यात खालच्या रक्तवाहिन्यांना इजा झालेली असते आणि संसर्गाचा धोका वाढतो.

वरची त्वचा आधीच फाटली असेल, तर ती धुऊन जागेवर पसरावी आणि फक्त मळलेली, लोंबणारी कड स्वच्छ कात्रीने कापावी. उघड्या जखमेसाठी हायड्रोकोलॉइडची गादीसारखी पट्टी सर्वांत चांगली. ती ओलावा राखते आणि वेदना कमी करते. कडा सुटेपर्यंत ती तशीच राहू द्यावी, कारण रोज ओढून काढल्यास नवी त्वचाही निघते. जखमेत पू झाला असेल, तर ही पट्टी लावू नये.

फोड हसण्यावारी नेण्यासारखा नसतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९२४ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांचा १६ वर्षांचा मुलगा मोजे न घालता टेनिस खेळला, त्याच्या पायाच्या बोटाला फोड आला, संसर्ग रक्तात पसरला आणि सुमारे आठवडाभरात तो दगावला. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. आज ती आहेत, पण ती वेळेवर घ्यावी लागतात. भोवतालची लाली पसरत जाणे, जागा गरम व ठसठसणारी होणे, पिवळा-हिरवा पू, पायावरून वर सरकणारी लाल रेघ, जांघेत अवधाण किंवा ताप यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असलेल्यांनी, पायांची संवेदना किंवा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी, आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी फोड स्वतः कधीच फोडू नये. त्यांना दुखत नाही हे दिलासादायक लक्षण नसून धोक्याचे आहे, म्हणून त्यांनी चालून आल्यावर रोज तळवे पाहावेत. गरज पडल्यास आरसा वापरावा.

दुखरा पाय जपत लंगडत चालल्याने गुडघा आणि कंबर यांवर भलता भार येतो. पाऊल सरळ टाकता येत नसेल, तर त्या दिवशीचे चालणे थांबवावे आणि जखम बरी होईपर्यंत तो भाग उघडा राहील अशी पादत्राणे वापरावीत. नवी त्वचा गुलाबी आणि कोवळी असते; पुढचे दोन-तीन आठवडे निघण्यापूर्वी तिथे पट्टी लावूनच निघावे, आणि ज्या बुटाने फोड आणला तो शिवणीपासून इनसोलपर्यंत तपासल्याशिवाय पुन्हा पायात घालू नये.