रात्री दोनचं चेक-इन आणि आदल्या दिवसाची तारीख

चवथीला गोव्यात डिचोलीच्या घरी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना शेजारच्या काकूंनी विचारलं, "आमच्या बाबूला कॉम्प्युटरला घालू का गो? पगार बरा असतो म्हणतात." पगार बरा असतो, हे खरंच आहे. पण अकरा वर्षं मी सॉफ्टवेअरच्या या कामात टिकले ती काही पगारामुळे नाही.

दुसऱ्या वर्षी एका हॉटेलच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं. उशिराच्या विमानाने आलेल्या पाहुण्याने रात्री दोनला चेक-इन केलं की बिलावर आदल्या दिवसाची तारीख पडायची. दिवसा मात्र सगळं सुरळीत. रिसेप्शनवरच्या मुलाला रोज बोलणी बसत होती. तीन दिवस मी लॉग, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःच ठेवतं त्या नोंदी, चाळले, पण हाती काही लागेना. शेवटी चुकलेल्या नोंदी वेळेप्रमाणे कागदावर लिहून काढल्या. एकूण एक नोंद मध्यरात्री बारा ते पहाटे साडेपाचमधली! सर्व्हर यूटीसी, म्हणजे जगभर प्रमाण धरलेल्या वेळेवर चालत होता आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपले रात्रीचे दोन म्हणजे तिथे आदल्या संध्याकाळचे साडेआठ, आणि आमचा कोड तीच तारीख उचलत होता. दुरुस्ती दोन ओळींची निघाली. त्या मुलाचा फोन आला, "ताई, आता तारीख बरोबर येते." तो आनंद मला अजून पुरतो.

हे काम असंच असतं. पहिल्या वर्षी नवं लिहायला फारसं मिळत नाही. दुसऱ्यांचा कोड वाचायचा, एरर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये मागे जाऊन कोणता बदल कधी झाला ते शोधायचं. माझी प्राथमिक शाळा मराठी. इंग्रजीची धास्ती होती. पण एररमधले शब्द मोजकेच असतात, सहा महिन्यांत ओळखीचे झाले. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला डेटाबेस, म्हणजे माहिती नीट साठवायची पद्धत, आजही रोज लागतो. कोड लिहायच्या भाषा मात्र तीनदा बदलल्या, आणि प्रत्येक वेळी नवशिक्यासारखं बसावं लागलं.

आता जड बाजू. गोव्यात वेर्णा, पर्वरी, पणजी इथे कंपन्या आहेत, पण जागा थोड्या. माझ्या वर्गातले बरेच जण पुण्याला नाहीतर बंगळुरूला गेले. मीही सहा वर्षं पुण्यात काढली. आता घरून काम करते, तर क्लायंट न्यूयॉर्कचा. त्यांच्या सकाळी साडेनऊची मीटिंग उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी सातला असते. हिवाळ्यासाठी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की आठला. दिवेलागणीला मी घरात असूनही नसते, आणि याचं मला वाईट वाटतं. काय बनवायचं हेही आपण ठरवत नाही. चार महिने खपून केलेलं एक काम एका मीटिंगमध्ये रद्द झालं, तेव्हा मी रडले होते.

एआय आता कोड झरझर लिहून देतो. मीही वापरते. पण त्याने दिलेली ओळ का चालते हे सांगता येत नसेल, तर ती पुढे पाठवू नका. रात्री दोनला बिघाड झाला की फोन तुम्हालाच येणार.

काकूंना मी म्हटलं, आधी बाबूला माझ्याकडे पाठवा. त्यांच्या कुळागरातल्या, म्हणजे बागायतीतल्या, सुपारीचा हिशेब अजून वहीत आहे. ती वही घेऊन तो शनिवारी येतोय. महिनाभर तोच हिशेब कॉम्प्युटरवर बसवायचा. त्यात रमला तर कॉलेजचं बोलू.