जुना ‘संत तुकाराम’ घरी बघताय? आधी पट्टी बघा, मग चित्र

प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ आमच्याकडे व्हीसीडीवर होता, नंतर डीव्हीडी आणली, आणि दोन्ही वेळेला मोठ्या टीव्हीवर लावला की तुकाराम झालेल्या पागनीसांचा चेहरा पसरट दिसायचा. डिस्क खराब आहे असंच सगळे म्हणायचे, पण निम्मा दोष टीव्हीचाच होता.

तर पहिलं काम, टीव्हीतलं वाइड, झूम, स्ट्रेच जे काय असेल ते बंद करून ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ द्या, चित्र त्याच आकाराचं आहे. मग शार्पनेस शून्यावर आणा, नॉइज रिडक्शन बंद आणि ते हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग असतं ना तेही बंद, नाहीतर वारकरी सिरियलमधले वाटतात. ब्लॅक अँड व्हाइट चित्रावर हिरवट-जांभळट झाक असेल तर कलर सरळ शून्य करायचा, याने किती फरक पडतो ते करून बघाच! व्हीसीडीत मुळात ३५२ बाय २८८ एवढंच चित्र असतं, त्यामुळे ती छोट्या स्क्रीनवर किंवा जरा लांबून बघा.

आता आवाज, आणि माझा खरा जीव इथे आहे. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने चालते आणि आपल्याकडच्या पाल डिस्कवर (पाल म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत) बहुतेक वेळा २५ ने, म्हणजे सगळंच चार टक्के पळतं आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर पट्टी जवळजवळ पाऊण सूर चढते, काळी दोनमधलं गाणं पांढरी तीनच्या जवळ जातं. (पाऊण सूर म्हणजे पेटीवरच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा पाऊण भाग.) पेटी घेऊन ताडून बघायला जाऊ नका, त्या काळच्या पेट्या आजच्या सुरात असतीलच असं नाही, त्यापेक्षा बोलणं ऐका. माणसं घाईत बोलतात आणि आवाज किंचित पातळ वाटतो ना, मग शंका घ्या. डिस्क कॉम्प्युटरवर व्हीएलसी या फुकट मिळणाऱ्या प्लेअरमध्ये लावा, प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओत टाइम-स्ट्रेचिंग म्हणून एक टिक असते ती काढा, आणि स्पीड ०.९६ करा. टिक तशीच ठेवली तर वेग कमी होतो पण सूर चढलेलाच राहतो, माझे दोन रविवार यातच गेले. एनटीएससी (अमेरिकेतली टीव्हीची पद्धत) डिस्क असेल तर सहसा याची गरज पडत नाही.

साउंडबारचं सराउंड आणि बास बूस्ट बंद करा, साउंडट्रॅक मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकच आवाज. एका बाजूला घुंईं असा आवाज येत असेल तर व्हीएलसीच्या स्टिरिओ मोडमध्ये फक्त डावी किंवा उजवी बाजू निवडा. खरखर जास्तच असेल तर ट्रेबल थोडा उतरवा, पण खरखर साफ करणारे फिल्टर लावू नका, ते आधी चिपळ्यांची छनछन खातात आणि मग गळ्याला पाण्याखालून आल्यासारखा आवाज येतो. ‘आधी बीज एकले’ लावून तपासा, चिपळी सुटी ऐकू आली म्हणजे जमलं. (हा अभंग तुकोबांचा नाही बरं का, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेला.)

आणि डिस्क अजून चालतेय तोवर तिची कॉपी हार्डडिस्कवर करून ठेवा, माझी दुसरी व्हीसीडी क्लायमॅक्सच्या आधीच अडकायला लागली होती, ओरखडा नव्हता, नुसती जुनी झाली होती.