तुरुंगाच्या पाहणीला जाताय? तारखा विचारा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हा कारागृहात अभ्यागत मंडळाचा अशासकीय सदस्य किंवा विधी स्वयंसेवक म्हणून पहिल्यांदा जाणारा माणूस बहुधा स्वयंपाकघर बघतो, डाळ चाखतो आणि नोंदवहीत ‘समाधानकारक’ असा शेरा मारून निघतो. हा शब्द लिहूच नका. पुढे कुणी तक्रार केली, की हाच शेरा तिच्यासमोर ठेवला जातो.

त्याऐवजी मोजा. 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे बॅरेकमध्ये माणशी 3.71 चौरस मीटर जागा हवी, रात्री आतल्या दर 10 जणांमागे एक संडास हवा. टेप घेऊन जा, क्षेत्रफळ काढा, त्याला आदल्या रात्रीच्या गिनतीनं भागा. नुसती मंजूर क्षमता पाहून कळत नाही, कारण एखादी बॅरेक दुरुस्तीला बंद असली की ती माणसं शेजारच्या बॅरेकीत कोंबलेली असतात. खान्देशातल्या मे महिन्यात तर भर दुपारीच जा, आणि संध्याकाळी कुलूप लागल्यापासून सकाळपर्यंत आत पिण्याचं पाणी किती ठेवतात तेही विचारा.

सर्वांत जास्त वेळ कच्च्या कैद्यांना, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्यांना द्या. अटक कधी, कलमं कोणती, जामीन कधी मंजूर झाला? सातपुड्यातले भिल्ल, पावरा तरुण जामीन होऊनही आत राहतात ते जामीनदार नसल्यामुळे. सातबारा नावावर नसलेल्या घरातून जामीनदार आणायचा कुठून? सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या आदेशाप्रमाणे जामिनानंतर 7 दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिना उलटला तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. अशांची यादी त्याच दिवशी सचिवांच्या हाती द्या.

दुसरी यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम 479 ची, म्हणजे ठरावीक काळ आत काढल्यामुळे सुटकेला पात्र झालेल्या कच्च्या कैद्यांची. आधी कधी शिक्षा झालेली नसेल तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश, इतरांना निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना किंवा एकाहून अधिक खटले चालू असणाऱ्यांना हे लागू नाही. हिशेब चुकतो तो इथे: नोंदवहीत एफआयआरची कलमं असतात, आरोपपत्रातली वेगळी. आरोपपत्र बघूनच आकडा लिहा.

पावरी, अहिराणी बोलणारा माणूस बाहेरून न्या, त्याचं नाव परवानगीच्या पत्रात आधीच घाला. शिपाई दुभाषी असेल तर मारहाणीबद्दल कुणी बोलणार नाही. सगळ्यांना तेच प्रश्न विचारा आणि नोंदवहीत बॅरेक लिहा, तक्रार करणाऱ्याचं नाव नको. दोन्ही याद्या जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील कच्चे कैदी आढावा समितीच्या तिमाही बैठकीआधी पोचल्या पाहिजेत.