पावसानंतरच्या रात्री डबक्यातल्या दिव्यांचे फोटो कसे काढावेत

मराठवाड्यात पाऊस सांगून येत नाही आणि आला तरी फार वेळ टिकत नाही. आठवडाभर नुसतं आभाळ भरून येतं, मग एखाद्या संध्याकाळी तासाभरात रस्त्यांचे ओढे होतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिथेच धूळ उडत असते. म्हणून इथे डबक्यातल्या दिव्यांचा फोटो हवा असेल तर पहिलं काम पावसाच्या आधीच उरकावं लागतं. पाणी कुठे साचतं ती जागा हेरून ठेवायची.

कोरड्या दिवशीही ती ओळखता येते. जिथे वाळलेल्या गाळाची पापुद्रे सुटलेली खपली दिसते, तिथे पाणी थांबलेलं असतं. दुभाजकाची कड आणि गतिरोधकाची चढाकडची बाजू आवर्जून बघा. नाहीतर सरळ चहाच्या टपरीवर किंवा ऑटोवाल्यांना विचारा, "इथं पाणी कुठं तुंबतं?" त्यांना चौकातला खड्डा न् खड्डा माहीत असतो.

जागेजवळ रंगीत उजेड हवा. लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते एकत्र येतात, त्यामुळे कोणत्याही बाजूला बसलात तरी समोर दुकानांच्या पाट्या येतात. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, पैठण गेटचा परिसर या कामाला उत्तम. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याची रोषणाई ओल्या फरशीवर सुंदर उतरते, पण तिथे डोकं झाकून, अनवाणी जायचं आणि फोटोआधी सेवादारांना विचारायचं. माझ्या मते वर्षातला सगळ्यात चांगला काळ परतीच्या पावसाचा. गणपती-नवरात्राच्या दिवसांत गल्लोगल्ली माळा लागलेल्या असतात आणि त्यातच एखादी जोरदार सर येऊन जाते.

डबकं खोल असण्याची गरज नाही, दोन बोटं पाणी पुरतं. तळ मात्र गडद हवा. काळ्या डांबरावर प्रतिबिंब ठसठशीत दिसतं, तर सिमेंटच्या रस्त्यावर तळच उजळून मध्ये येतो. काळ्या मातीमुळे पाणी गढूळ असलं तरी हरकत नाही. कॅमेरा खाली नेलात की तो गढूळपणा जवळजवळ दिसत नाही.

वेळ सूर्यास्तानंतर साधारण वीस ते चाळीस मिनिटांची धरा. जुलैत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो, सप्टेंबरअखेर सव्वासहा-साडेसहाला. या वेळात आभाळात थोडा निळा उजेड असतो, त्यामुळे इमारतींच्या कडा कळतात. त्यानंतर आभाळ काळं होतं आणि बऱ्याचदा नुसते दिव्यांचे ठिपके उरतात.

आता मुख्य गोष्ट, भिंगाची उंची. फोटो बनतो तो इथेच. उभं राहून सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत पाठवतं. तेच नजर पाण्याच्या पातळीशी १० अंशांवर आणली तर जवळपास ३५ टक्के. म्हणून खाली बसा, आणखी खाली जा. मोबाइल उलटा धरा, म्हणजे वरच्या टोकाचं भिंग खाली येऊन पाण्यापासून बोटभर अंतरावर राहील. मग परातीएवढ्या डबक्यातही अख्खी कमान मावते. भिंग दोन-तीन इंच इकडेतिकडे सरकवून बघा, प्रत्येक वेळी वेगळी पाटी पाण्यात येते.

फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर करू नका. प्रतिबिंबातला दिवा कॅमेऱ्याच्या हिशेबाने खऱ्या दिव्याइतकाच लांब असतो. स्क्रीनवर त्या उलट्या दिव्यावरच बोट ठेवा आणि फोकस कुलूपबंद होईपर्यंत दाबून धरा. नंतर उजेडाची खूण खाली ओढा, पाटीवरची अक्षरं सुटी दिसेपर्यंत. फोन आपणहून रात्र उजळवायला जातो आणि पाट्या पांढऱ्याफटक करून टाकतो.

कॅमेरा हातात असेल तर एफ २.८ (भिंगाचं छिद्र), आयएसओ १६०० (उजेड टिपण्याची संवेदनक्षमता) आणि शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, १/५० सेकंद इथून सुरुवात करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर फार वेगवान ठेवलं तर एलईडी पाट्यांवर पट्टे येतात, १/५० किंवा १/१०० ला सहसा येत नाहीत. तिपाई असेल तर एफ ८, आयएसओ २०० आणि एक-दोन सेकंद. सोबत दोन सेकंदांचा टायमर लावा. फ्लॅश बंदच. पोलरायझर फिल्टर (चकाकी कमी करणारी काच) असेल तर काढून ठेवा, तो नेमकं प्रतिबिंबच खातो.

मोबाइलचा नाइट मोड पाणी अगदी शांत असेल तरच वापरा. तो अनेक क्षणांचे फोटो एकावर एक रचतो, त्यामुळे भुरभुर चालू असताना लाटांचा गिचमिड काला होतो. पाणी शांत व्हायची वाट बघणं हाही या कामाचाच भाग आहे. ऑटो डबक्यातून गेला की मेडिकलच्या पाटीचा हिरवा रंग लांबलांब धाग्यांत फुटतो, धागे काठावर आपटून परततात, मग आखडत जातात. काठाला पाणी उथळ असल्याने तिथली अक्षरं आधी जुळतात. मला पूर्ण स्थिर पाण्यापेक्षा ही अर्धवट जुळलेली अक्षरं जास्त आवडतात. बर्स्ट (एकापाठोपाठ फोटो काढणारा मोड) लावून पंधरा-वीस फोटो घ्या, एखादा नक्की जमतो.

जपून मात्र राहा. विजेचा खांब, डीपी किंवा लोंबणारी तार जवळ असेल तर त्या पाण्याला हातसुद्धा लावू नका, कितीही सुंदर दिसलं तरी. पाण्याखाली उघडं चेंबर असू शकतं, म्हणून आत पाय घालू नका. वाहत्या रस्त्यावर बसायचं असेल तर गाड्यांवर नजर ठेवायला कोणीतरी सोबत हवंच. आणि हातगाडीवाल्याचा किंवा छत्रीतल्या माणसाचा चेहरा ओळखू येत असेल तर आधी विचारा. बहुतेक जण हसून हो म्हणतात.

घरी आल्यावर फार खटाटोप नको. पांढरे भाग थोडे दाबा, काळं आणखी गडद करा, पिवळ्या दिव्यांचा पिवळेपणा तसाच राहू द्या. फोटो उलटा करून प्रतिबिंब सरळ दाखवायचा मोह होतो. रस्त्याची कड फ्रेममध्ये असेल तर तो टाळा, नुसतं पाणी असेल तर खुशाल करून बघा.