सिबेलियसची पहिली बैठक कशी लावावी

फिनलंडचे संगीतकार झाँ सिबेलियस (१८६५–१९५७) मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच नयेत. त्यांचं बरंचसं संगीत खर्जात आणि अगदी हलक्या आवाजात घडतं. छोट्या स्पीकरवर नेमकं तेच गळून जातं. अंबाजोगाई, परभणी, लातूर, कुठेही दहा-बारा कानसेन जमत असतील तर रीतसर बैठक लावा.

दिवस थंडीतला धरा. एप्रिल-मेमध्ये कूलर बंद करवत नाही, पावसाळ्यात पत्रे वाजतात. ८ डिसेंबर हा सिबेलियसचा जन्मदिवस, तेव्हा पंखाही लागत नाही.

नुसत्या सिमेंटच्या भिंतींची खोली घुमते आणि तुताऱ्यांसारखी पितळी वाद्यं कर्कश होतात. खाली सतरंजी अंथरा, स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगा. एकाच डब्यातला ब्लूटूथ स्पीकर नको. दोन सुटे स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, एकमेकांपासून ६-७ फुटांवर, मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे ठेवा. भिंतीला चिकटवले की खर्ज फुगतो आणि टिंपनीचा, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या नगाऱ्यांचा, नाद थांबतच नाही. बेस वाढवणारं बटण बंद. इन्व्हर्टरवर काही अँप्लिफायर गुणगुणतात, म्हणून आदल्या दिवशी मेन स्विच पाडून ऐकून बघा. ध्वनिमुद्रणंही आदल्या दिवशीच उतरवून ठेवा. मध्येच जाहिरात आली तर बैठक मोडते.

आवाज किती ठेवायचा, इथे सगळेच चुकतात. हळू सुरुवात ऐकू येईना म्हणून बटण फिरवतात, आणि पुढे सगळा ऑर्केस्ट्रा उठला की स्पीकर फाटतो. सिबेलियसच्या ‘फिनलंडिया’ या रचनेचा शेवट लावून आवाज ठरवा, मग बटणाला हात लावू नका. हळू भाग ऐकू येत नसेल तर खोलीतला गोंगाट कमी करा.

सुरुवात याच ‘फिनलंडिया’ने करा. आठ-नऊ मिनिटांची रचना, १८९९ची. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, वृत्तपत्रांवर दडपण होतं, आणि सेन्सॉर टाळण्यासाठी ही रचना वेगळ्या नावांनीही वाजवली गेली. निजामाच्या राज्यातली १९३८ची वंदे मातरम् चळवळ ज्यांनी आजोबांकडून ऐकली आहे, त्यांना याहून जास्त सांगावं लागत नाही.

मग ‘टुओनेलाचा हंस’, साधारण दहा मिनिटं. टुओनेला म्हणजे फिन्निश लोककथांतली मृतांची भूमी. तिच्या काळ्या नदीवर हंस तरंगतो. हंसाचा सूर कोर आंग्लेचा आहे, सनईसारखंच पत्तीचं पण खालच्या पट्टीतलं वाद्य. बासरी, नेहमीचं क्लॅरिनेट, ट्रम्पेट यात नाहीतच, म्हणून रंग असा काळोखी. तारवाद्यं मागे तानपुऱ्यासारखी धरा आणि कान त्या एका सुरावर ठेवा. सम शोधू नका. ठेका नसल्यामुळे आपल्याकडचा ऐकणारा इथे अस्वस्थ होतो. त्याला हे आधीच सांगून ठेवा.

चहा इथे द्या, पुढे उठायची सोय नाही.

शेवटी पाचवी सिम्फनी, म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना; तीन भाग, जवळपास अर्धा तास. तिचा पहिला प्रयोग सिबेलियसच्या पन्नासाव्या वाढदिवशी, १९१५ साली झाला. समाधान न झाल्यानं त्यांनी ती दोनदा बदलली आणि आज वाजते ती १९१९ची. २१ एप्रिल १९१५ला त्यांनी १६ हंस उडताना पाहिले होते. तिसऱ्या भागात हॉर्न या पितळी वाद्यांचे सूर झोक्यासारखे वरखाली होतात, ती जागा त्याच हंसांची. तिथे बोलणारा एकही माणूस खोलीत नको.

सिम्फनी संपते सहा आघातांनी, आणि त्यांच्यामध्ये लांब शांतता आहे. पहिल्याच आघाताला टाळ्या पडतात. सुरू करण्याआधी सांगा: सहा बोटं मोजा, मग टाळी. अ‍ॅपमध्ये गाणी एकमेकांत मिसळणारी सोय चालू राहिली तर पुढचा ट्रॅक थेट शेवटच्या आघातावर चढतो, तीही बंद करा.

चौथी सिम्फनी (१९११) पहिल्या बैठकीला लावू नका. ती कोरडी, उघडी आहे; नवा माणूस पुन्हा येणार नाही. दुसऱ्या बैठकीला व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) आणि दुसरी सिम्फनी ठेवा. या सिम्फनीचा तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो. दोन ट्रॅकमध्ये क्षणभराची पोकळी राहत नाही ना, ते आधी तपासा.