मुरुमांवर आहार आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या: १२ आठवड्यांत स्वतः कसं तपासून पाहावं

चेहऱ्यावर मुरुम आले की घरातला प्रत्येक जण एकेक पदार्थ बंद करायला सांगतो. आजी म्हणते उष्ण पडलं, आंबा आणि शेंगदाणे थांबव. मावशी म्हणते तेलकट नको. मैत्रीण झिंकची गोळी सुचवते आणि मेडिकलमध्ये 'स्किन, हेअर, नेल्स' असं लिहिलेली महागडी बाटली पुढे येते. सोळा-सतरा वर्षांची मुलं यात अक्षरशः भरडली जातात. पोटभर जेवत नाहीत, खिशातले पैसे गोळ्यांवर घालवतात आणि डाग मात्र वाढत राहतात.

आहाराचा मुरुमांशी संबंध आहे, पण तो मर्यादित आहे. फायदा झालाच तर तो बहुतेक वेळा काहीतरी कमी केल्याने होतो, नवी गोळी सुरू केल्याने क्वचितच. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका.

पायरी १: हे काम आहाराचं आहे का, ते आधी बघा

त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, केसाच्या मुळाशी मृत पेशींचा बूच बसतो, तिथे जंतू वाढतात आणि सूज येते. मुरुम तयार होतो तो असा. यामागे मुख्य हात हार्मोन आणि आनुवंशिकतेचा असतो. आई-वडिलांना तरुणपणी खूप मुरुम आले असतील तर मुलांनाही येण्याची शक्यता वाढते.

त्वचेखाली खोल, दुखणाऱ्या गाठी असतील, खड्डे पडायला लागले असतील किंवा छाती-पाठ भरून गेली असेल, तर आहाराचे प्रयोग करत महिने घालवू नका. सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, कारण पडलेला खड्डा नंतर पूर्ण भरत नाही. मुलींमध्ये पाळी अनियमित असेल, हनुवटीवर किंवा ओठावर जाड केस येत असतील, तर पीसीओएसची (हार्मोन आणि बीजांडकोशाशी निगडित विकाराची) तपासणी हवी. आणि आरशात बघवत नाही, कॉलेजला जावंसं वाटत नाही, अशी मनाची अवस्था असेल तर मुरुम मोजके असले तरी उपचार लगेच हवेत.

पायरी २: लावायचं औषध आधी सुरू करा

हे वाचून काहींचा हिरमोड होईल, पण इथे आडवळण नको. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात बेंझॉइल पेरॉक्साइड आणि अ‍ॅडापलीनसारखी रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या कुळातली) क्रीम यांची ठाम शिफारस आहे. आहारातले बदल आणि पूरक गोळ्यांबद्दल मात्र शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असं त्या सांगतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेचा २०२१ चा निष्कर्षही आहाराबाबत असाच आहे.

तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं क्रीम आणि आहारातला बदल हातात हात घालून चालू द्या. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड क्रीम वापरायचं नाही, हे डॉक्टरांना आधीच सांगा. दुकानातून 'गोरं करणारं' क्रीम मात्र आणू नका. आपल्याकडे अशा अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. चार दिवस चेहरा छान दिसतो, मग मुरुम उसळतात, त्वचा पातळ आणि लाल होते. असं क्रीम बरेच दिवस लावत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

पायरी ३: फोटो आणि वही

सुरुवातीच्या दिवशी एकाच खिडकीजवळ, एकाच वेळी, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. दर चार आठवड्यांनी पुन्हा. रोज आरशात मोजत बसू नका, त्याने फक्त जीव टांगणीला लागतो. आज दिसणाऱ्या पुटकुळीची सुरुवात त्वचेत काही आठवडे आधीच झालेली असते. म्हणून 'काल वडापाव खाल्ला, आज फोड आला' हा हिशोब बहुधा चुकतो. मुलींनी पाळीच्या तारखाही लिहाव्यात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेकींचे मुरुम वाढतात आणि दोष त्या आठवड्यातल्या जेवणावर येतो.

वहीत आठवडाभर खाणं-पिणं लिहा. चहाचे कप, त्यातली साखर, बिस्किटं, सरबतं, प्रोटीन पावडर, टॉनिक, सगळं.

पायरी ४: साखर आणि मैदा कमी करा

आहाराबद्दलचा सगळ्यात बरा पुरावा इथला आहे. रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारं खाणं झालं की इन्सुलिन वाढतं. त्यासोबत आयजीएफ-१ नावाचा वाढीचा घटक जोर धरतो आणि दोघं मिळून तैलग्रंथींना काम वाढवून देतात. ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयाच्या ४३ तरुणांवर झालेली एक चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. १२ आठवडे एका गटाने साखर हळूहळू चढवणारा, जास्त प्रथिनांचा आहार घेतला. त्यांच्या पुटकुळ्या सरासरी २३-२४ ने कमी झाल्या, दुसऱ्या गटाच्या १२ ने. पण पहिल्या गटाचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं हा प्रश्न उरतो. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर संशोधकांनी सुमारे १,२०० लोक तपासले आणि एकालाही मुरुम आढळला नाही, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथलं जेवण कंद, फळं, नारळ आणि मासे असं होतं. अर्थात तिथलं बाकीचं जगणंही वेगळं, म्हणून एवढ्यावरून पक्का निष्कर्ष काढता येत नाही.

आपल्या ताटात हे आणायला फार काही विकत घ्यावं लागत नाही. पहिला घाव साखरेवर घाला. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे साधारण ४० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आसपास थांबलेलं बरं म्हणते. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला तर या हिशोबात फरक पडत नाही. शीतपेयं, उसाचा रस, डब्यातले फळांचे रस हे १२ आठवडे पूर्ण बाजूला ठेवा. चहाबरोबरची बिस्किटं, खारी, टोस्ट यांच्या जागी फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे चालतील.

पोहे सोडू नका. त्यात मोड आलेली मटकी आणि मटार भरपूर घाला, पोह्यांचं प्रमाण कमी करा. भाताचा डोंगर लहान करून वरण, उसळ आणि कोशिंबीर वाढवा. रोजच्या पावाऐवजी ज्वारीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं. मांसाहारी असाल तर अंडी आणि बांगडा-तारलीसारखे मासे उत्तम. उपवासाचा दिवस मात्र फसवा असतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर बटाटा आणि गोड लस्सी. खिचडी अर्धी वाटी आणि सोबत दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक असं करा.

तळलेल्या पदार्थातलं तेल थेट चेहऱ्यावर येत नाही. वडापावमध्ये खरी काळजी पाव आणि बटाट्याची आहे. आंबा किंवा शेंगदाणे 'उष्ण' म्हणून मुरुम आणतात, याला पुरावा आहे असं मी तरी मानत नाही. हंगामात आंब्याची एखादी फोड खाऊन कोणाचं बिघडत नाही. आमरसाच्या वाट्यांवर वाट्या आणि पुरी हा वेगळा विषय आहे.

चॉकलेटचं काय, हे सगळेच विचारतात. १९६९ मध्ये अमेरिकेत ६५ जणांवरच्या चाचणीने चॉकलेट निर्दोष ठरवलं होतं. पण तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती. त्यामुळे त्या निकालावर विसंबू नका, चॉकलेट साखरेच्या खात्यात मोजा.

पायरी ५: दूध आणि प्रोटीन पावडर

जिमला जाणाऱ्या मुलांनी इथे नीट लक्ष द्यावं. व्हे प्रोटीन (दुधापासून बनणारी प्रोटीन पावडर) सुरू केल्यावर छाती-पाठीवर मुरुम उसळले आणि बंद केल्यावर कमी झाले, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. पावडर आठ आठवडे थांबवून बघा. डाळ, चणे, सोयाबीन, अंडी यांतून प्रथिनं मिळतात. जिममध्ये कोणी लेबल नसलेलं काही देत असेल तर ते घेऊच नका. त्यात अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड असू शकतं आणि त्याने मुरुम भयंकर वाढतात.

साध्या दुधाचा संबंध पाहणीवर आधारलेल्या अभ्यासांत दिसतो, पण सौम्य. वाढत्या वयातल्या मुलांचं दूध तोडण्याइतका तो पक्का नाही. दिवसाला दोन-तीन मोठे ग्लास होत असतील तर एकावर या. साखर कमी केल्यावर चार आठवडे थांबून मगच हा बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. दूध कमी केलं तर कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ खा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं.

पायरी ६: घरातल्या गोळ्या टेबलावर मांडा

नवी गोळी आणण्याआधी सध्या काय पोटात जातंय ते बघा. व्हिटॅमिन बी-१२ चा मोठा डोस काही जणांत मुरुम आणतो. चेहरा, छाती, पाठीवर एकसारख्या आकाराच्या बारीक लाल पुटकुळ्या अचानक उठतात. आपल्याला रोज जेमतेम २ ते २.५ मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं आणि बाजारातल्या कित्येक गोळ्यांत १,५०० मायक्रोग्रॅम असतं. पण शाकाहारी घरांत बी-१२ ची खरी कमतरताही खूप आहे आणि ती नसांना इजा करते. म्हणून मनाने बंद करू नका. रक्ताचा अहवाल घेऊन डॉक्टरांना विचारा की डोस कमी करता येईल का. क्षयरोगाचं आयसोनियाझिड, फिटचं फेनिटॉइन, स्टिरॉइड या औषधांनीही मुरुम येतात. तीही स्वतःहून थांबवायची नाहीत.

पायरी ७: तरीही गोळी घ्यायची असेल तर

झिंकमागे थोडा पुरावा आहे. ३३२ रुग्णांच्या एका चाचणीत ३० मिलिग्रॅम झिंकने तीन महिन्यांत साधारण ३१ टक्के जणांना चांगला फायदा झाला, मिनोसायक्लिन या प्रतिजैविकाने ६३ टक्के जणांना. म्हणजे झिंक अगदी निकामी नाही, पण औषधाच्या निम्म्यावर. प्रौढांनी सगळं मिळून दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. जास्त काळ मोठा डोस घेतला तर शरीरातलं तांबं कमी होतं. उपाशीपोटी घेतलं की मळमळतं. डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर दोन्ही एकत्र घेऊ नका, झिंकमुळे ते औषध नीट शोषलं जात नाही.

ओमेगा-३ बद्दल कोरियातली ४५ जणांची एक चाचणी आशादायक आहे, पण लहान. व्हिटॅमिन डी रक्तात कमी असेल तर ते भरून काढा. मुरुमांसाठी म्हणून नव्हे, हाडांसाठी. ६०,००० एककांची सॅशे सहसा आठवड्यातून एकदा घ्यायची असते, रोज घेतली तर विषबाधा होऊ शकते.

बायोटिन या बी गटातल्या व्हिटॅमिनने मुरुम बरे होतात याला धड पुरावा नाही. उलट त्याच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात.

व्हिटॅमिन ए बद्दल मात्र हात जोडून सांगते, मनाने घेऊ नका. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनोइन याच कुळातलं आहे, म्हणून लोकांना वाटतं गोळी सुरक्षितच असेल. मोठ्या डोसने यकृत बिघडतं, मेंदूवरचा दाब वाढून तीव्र डोकेदुखी होते आणि गरोदरपणात बाळात व्यंग येऊ शकतं. गाजर, पालक, लाल भोपळा खुशाल खा, त्याने असं होत नाही.

पायरी ८: १२ आठवड्यांनंतर

पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवा आणि ज्याने तुम्हाला रोज पाहिलेलं नाही अशा कोणाला तरी दाखवा. फरक असेल तर सोडलेले पदार्थ एकेक करून परत आणा, दोन पदार्थांत तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवून. ज्याने मुरुम वाढले तेवढंच पुढे टाळा, बाकीचं खा. काहीच फरक नसेल तर आहाराचा नाद सोडा आणि वही, फोटो, गोळ्यांच्या सगळ्या बाटल्या घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आयसोट्रेटिनोइन सुरू करायचं ठरलं तर मल्टिव्हिटॅमिनमध्ये व्हिटॅमिन ए आहे का ते त्यांनाच लेबल दाखवून विचारा. मुलींनी औषध चालू असताना आणि बंद केल्यावर निदान एक महिना गर्भधारणा होणार नाही, याची काळजी कशी घ्यायची तेही त्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्यावं.