मुलांना त्यांचा भूतकाळ सांगताना या चुका टाळा

बालगृहासारख्या संस्थेत राहणारं सात वर्षांचं मूल रात्री दिवा मालवताना अचानक विचारतं, "मी खूप रडायचो म्हणून आईने मला इथे ठेवलं का?" आपण गडबडतो. "झोप आता, मोठा झालास की सांगू." पहिली चूक हीच. उत्तर मिळालं नाही की मूल ते स्वतःच रचतं, आणि लहान वयात त्या गोष्टीतला गुन्हेगार बहुतेक वेळा तेच असतं. तेव्हा त्याच रात्री निदान एवढं सांगा : "नाही रे, तुझ्या रडण्यामुळे नाही. मोठ्यांना तेव्हा तुला नीट सांभाळता येत नव्हतं. उद्या बसून बोलू." आणि उद्या खरंच बसा.

"आई परगावी कामाला गेलीय" हे गोड खोटं तर आणखी महागात पडतं. मूल वाट बघत राहतं, मग कुणाकडून तरी खरं कळतं आणि तुमच्या कुठल्याच बोलण्यावर त्याचा विश्वास उरत नाही. दुसरं टोकही नको. "तुझी आई बेवडी होती" हे ऐकणारं मूल स्वतःलाही त्याच मापाने मोजतं. "आईला दारूचं व्यसन जडलं होतं, ते तिला सुटत नव्हतं" हेही तितकंच खरं असतं. माहीत नसेल तिथे "मलाही माहीत नाही" म्हणावं.

पर्यायी संगोपनाबद्दलच्या, म्हणजे आईवडिलांपासून दूर वाढणाऱ्या मुलांच्या सांभाळाबद्दलच्या, संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येक मुलाची जीवनकथेची वही (त्याच्या आयुष्यातल्या टप्प्यांची माहिती, फोटो, आठवणी जपणारी) मुलाच्या सहभागाने ठेवावी, असं म्हटलंय. प्रत्यक्षात संस्थेतली ताई मुलाची फाईल समोर घेऊन सुवाच्य अक्षरात ती एकटीच भरते आणि वही ऑफिसच्या कपाटात कुलपात जाते! ती मुलाची राहतच नाही. सुरुवात जन्मापासून करण्याचाही हट्ट नको. आजची खोली, आजचा मित्र इथून मागे जा. समोरासमोर बसवून मुलाखत घेण्यापेक्षा शेजारी बसून चित्रं रंगवताना मुलं जास्त बोलतात. आणि मूळ फोटो वहीत कधीही चिकटवू नका. रागाच्या भरात पान टराटरा फाटतं, आणि आजीचा तो एकुलता एक फोटो परत मिळत नाही. वहीत प्रत लावा.

अशा गप्पांनंतर अंथरूण ओलं होणं, भांडणं वाढणं हे होतं. लगेच "नकोच ते" म्हणून विषय बंद करू नका, वेग कमी करा. वही दोन आठवडे उघडली नाही तरी चालेल. ती कुठे ठेवलीय, हे मात्र त्याला माहीत असू द्या.